गुरुवारच्या खोलीत कोण नव्हते?



आपल्या वाङ्मय मंडळाची बैठक गुरुवारीच का, असे दरवर्षी कुणीतरी विचारते. दरवेळी मी काहीतरी थातुरमातुर सांगतो. आज खरे कारण सांगतो. ऑक्सफर्डला सी. एस. लुईस यांच्या खोलीत ‘इंकलिंग्ज’ नावाची लेखकमंडळी गुरुवारी रात्री जमत असे. जे. आर. आर. टोल्कीन यांनी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची प्रकरणे त्याच खोलीत वाचून दाखवली. एम.ए.ला असताना मी हे वाचले आणि पार भारावून गेलो. पुढे बेळगावात नोकरी लागली, मंडळाची जबाबदारी आली, तेव्हा वार निवडणे माझ्या हातात होते. मी गुरुवार धरला. वेळ संध्याकाळी साडेपाचची ठेवली, म्हणजे तास संपलेले असतात, चहा झालेला असतो, निवांत बसता येते. याला आता अकरा वर्षे झाली.

यंदा जानेवारीत एका शनिवारी सकाळी आपण लुईस आणि टोल्कीन यांच्यावर अभ्यासवर्ग घेतला. ‘ख्रिस्ती अद्भुतकथा’ हा विषय होता. वर्ग संपल्यावर द्वितीय वर्षातली एक विद्यार्थिनी दाराशी थांबली.

“सर, त्या खोलीत एकपण बाई नव्हती काय?”

“नव्हती,” मी म्हटले.

“का?”

“तो काळच तसा होता.”

तिने मान हलवली. जाता जाता एवढेच म्हणाली, “आमची बस सव्वापाचला असते, सर.”

या शेवटच्या वाक्याचा आणि पहिल्या प्रश्नाचा संबंध मला घरी पोहोचल्यावर लागला. सोमवारी मी मंडळाची हजेरीवही काढली. खानापूरच्या पलीकडच्या गावांतून येणाऱ्या मुलींची नावे अकरा वर्षांत एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघाली. मग आणखी एक आठवले. गेल्या सप्टेंबरात याच मुलीची एक कथा आपल्या बैठकीत वाचली गेली होती. वाचली होती तिच्या वर्गातल्या एका मुलाने. आम्ही कौतुक केले, सूचना केल्या, त्या सगळ्या त्या मुलाला सांगितल्या. त्याच्या जेवढ्या लक्षात राहिल्या तेवढ्या तिच्यापर्यंत पोहोचल्या असतील.

‘काळच तसा होता’ हे आळशी उत्तर आहे. ते मी दिले, त्यामुळे दुरुस्त करण्याचे कामही माझेच. हा लेख ती दुरुस्ती आहे.

खोली, वार आणि वेळ

इंकलिंग्ज ही काही नोंदणी केलेली संस्था नव्हती. तिला घटना नव्हती, वर्गणी नव्हती, सभासदांची यादीसुद्धा नव्हती. १९३० च्या दशकात सुरू झालेला हा मित्रांचा अड्डा १९४९ च्या सुमारापर्यंत नेमाने भरत राहिला. गुरुवारी रात्री जेवणानंतर मॉडलिन कॉलेजात लुईस यांच्या खोलीत वाचन होई. मंगळवारी सकाळी ‘ईगल अँड चाइल्ड’ या पबमध्ये नुसत्या गप्पा. लुईस, टोल्कीन, चार्ल्स विल्यम्स, ओवेन बारफील्ड, ह्यूगो डायसन, लुईस यांचे थोरले भाऊ वॉरन, डॉक्टर हॅवर्ड अशी ही मंडळी. बहुतेक सगळे ख्रिस्ती श्रद्धेचे. कुणी अँग्लिकन तर कुणी, टोल्कीन यांच्यासारखे, कॅथलिक.

स्त्रियांना मज्जाव आहे असे तिथे कुणी कधी लिहून ठेवले नव्हते. तशी गरजच पडली नाही. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदवी द्यायला १९२० साली सुरुवात केली. त्याआधी त्या शिकत, परीक्षा देत, पहिला वर्गही मिळवत, पण पदवी मिळत नसे. पुढे १९२७ मध्ये विद्यापीठाने विद्यार्थिनींच्या संख्येवर मर्यादा घातली. स्त्रियांची कॉलेजे वेगळी होती, त्यांची जेवणाची दालने वेगळी. लुईस यांच्या मॉडलिन कॉलेजात मुलींना प्रवेश मिळाला तो १९७९ साली, लुईस वारल्यावर सोळा वर्षांनी. अशा कॉलेजात रात्री नऊनंतर पुरुषाच्या खोलीत भरणाऱ्या बैठकीला कोणती प्राध्यापिका येणार? आणि जे पुरुष येत, त्यांच्या घरी त्या वेळी मुलांना कोण निजवत होते? टोल्कीन यांना चार मुले. त्यांच्या पत्नी ईडिथ यांच्या वाट्याला कितीतरी संध्याकाळी एकट्याच्या आल्या.

म्हणजे पाटी न लावताही दार बंद ठेवता येते. जागा, वार आणि वेळ एवढ्या तीन गोष्टी पुरतात.

लुईस यांनी १९६० च्या ‘द फोर लव्हज’ या पुस्तकात मैत्रीवर एक प्रकरण लिहिले आहे. मित्र एकमेकांकडे पाहत नाहीत, दोघे मिळून तिसऱ्याच कशाकडे तरी पाहत असतात, असा त्यातला सुंदर विचार. त्याच प्रकरणात ते म्हणतात की बहुतेक समाजांत मैत्री पुरुषांची पुरुषांशी आणि स्त्रियांची स्त्रियांशी होते, कारण त्यांचे शिक्षण आणि काम वेगळे असते. जिथे दोघे बरोबरीने काम करतात तिथे मैत्री होते हेही ते मान्य करतात. पण पुढे पुरुषांच्या चर्चेत बाई आल्यावर चर्चा कशी पातळ होते याचे वर्णन त्यांनी केले आहे, आणि ते वाचताना मला अवघडल्यासारखे होते. कारण माझ्या मते तिथे ते परिणामालाच कारण समजून बसले. खोली आधी पुरुषांची झाली, आणि मग खोलीतल्या सवयींना स्वभाव म्हटले गेले.

खोलीबाहेर चाललेले काम

आता आपण त्या खोलीच्या बाहेर जरा फिरून येऊ.

१९३६ साली टोल्कीन यांच्या कपाटात एका बालकथेचे टंकलिखित पडून होते. शेवट नीट झालेला नव्हता. एलेन ग्रिफिथ्स या त्यांच्या माजी विद्यार्थिनीने ते वाचले होते. तिने अ‍ॅलन अँड अनविन या प्रकाशनसंस्थेत काम करणाऱ्या सुझन डॅग्नॉल या आपल्या मैत्रिणीला त्याबद्दल सांगितले. डॅग्नॉल यांनी टंकलिखित मागून नेले, वाचले आणि ‘हे पुरे करा’ असा टोल्कीन यांच्यामागे तगादा लावला. सप्टेंबर १९३७ मध्ये ‘द हॉबिट’ छापून आले. पुढचे सगळे महाकाव्य त्या पुस्तकाच्या यशातून निघाले. दोन तरुण स्त्रियांच्या बोलण्यातून हे घडले, आणि त्यांतली एकही गुरुवारच्या खोलीत कधी बसली नाही.

टोल्कीन यांनी १९४१ मध्ये आपल्या मुलाला लिहिलेल्या एका पत्रात स्त्रियांच्या बुद्धीबद्दल मत दिले आहे. हुशार विद्यार्थिनी शिक्षकाचे म्हणणे झटकन उचलतात, पण त्याचा हात सुटला की क्वचितच पुढे जातात, असा त्याचा सारांश. हे मत सांगितले पाहिजे, आणि त्याच्या शेजारी त्यांचे वागणेही मांडले पाहिजे. सिमोन दार्देन या बेल्जियमच्या विदुषी त्यांच्या हाताखाली शिकल्या. १९३६ साली त्यांनी संत ज्युलियानाच्या मध्ययुगीन चरित्राची संपादित आवृत्ती काढली. त्या कामात टोल्कीन यांचाही मोठा वाटा होता. तरी पुस्तकावर नाव दार्देन यांचे एकटीचे आले. मेरी सॅल्यू यांनी ‘अँक्रीन विसे’ या तेराव्या शतकातल्या ग्रंथाचे आधुनिक इंग्रजीत भाषांतर केले, १९५५ मध्ये ते छापले गेले आणि त्याला टोल्कीन यांनी प्रस्तावना लिहिली. गंमत अशी की ज्या जुन्या इंग्रजी गद्यावर टोल्कीन यांनी आयुष्यभर काम केले, तो हा ग्रंथ मुळात एकांतवास पत्करलेल्या साध्वींसाठी लिहिलेला आहे. बायकांनी वाचावे म्हणून लिहिलेले गद्य, त्याचे संपादन करणाऱ्या बायका, आणि ‘हात सुटला की पुढे जात नाहीत’ हे मत. माणूस आपल्या मतापेक्षा मोठा असू शकतो, एवढेच मी म्हणेन. पण मतही लिहिलेले असतेच.

वाँटेजच्या भगिनी

आता एका ठिकाणाचे नाव घेतो, जे मराठी वाचकाला परके नाही. ऑक्सफर्डपासून जवळच वाँटेज नावाचे गाव आहे. तिथे सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीमंडळाचा मठ आहे. लुईस यांची ‘पेरेलँड्रा’ ही १९४३ सालची कादंबरी वाँटेजच्या काही स्त्रियांना अर्पण केलेली आहे. त्या स्त्रिया म्हणजे या मठातल्या सिस्टर. त्यांच्यापैकी सिस्टर पेनेलोपी यांच्याशी लुईस यांचा वर्षानुवर्षे पत्रव्यवहार होता. युद्धात बॉम्ब पडत होते तेव्हा ‘द स्क्रूटेप लेटर्स’चे हस्तलिखित लुईस यांनी सांभाळायला त्यांच्याकडेच पाठवले.

सिस्टर पेनेलोपी ग्रीक जाणत. चौथ्या शतकातल्या संत अथनेशियसच्या ‘शब्द देही झाला’ या विषयावरच्या ग्रंथाचे त्यांनी भाषांतर केले आणि ते १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याला लुईस यांची प्रस्तावना आहे. नवे पुस्तक वाचले की मध्ये एक जुने वाचावे, हा सल्ला त्याच प्रस्तावनेतला. आज ती प्रस्तावना स्वतंत्र निबंध म्हणून जगभर वाचली जाते. आणि भाषांतरकर्तीचे नाव? मुखपृष्ठावर नावच नव्हते. ‘या मंडळाची एक भगिनी’ एवढेच. मठाची रीत तशी होती आणि त्यांनी ती आनंदाने पाळली असेल. तरी प्रस्तावना लिहिणारा सगळ्यांना माहीत आणि ग्रंथ मराठीत ज्याला आपण ‘उभा करणे’ म्हणतो तो उभा करणारी अनाम, ही गोष्ट नोंदवायला हवी.

वाँटेजचे नाव ऐकून तुमच्यापैकी काहींना पंडिता रमाबाई आठवल्या असतील. बरोबर. याच मंडळाच्या भगिनी पुण्यात काम करत, तिथे त्यांची रमाबाईंशी ओळख झाली. १८८३ साली रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या त्या याच मठात. २९ सप्टेंबर १८८३ रोजी दोघींचा बाप्तिस्मा तिथेच झाला. पुढे त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकवू लागल्या. त्यांनी तरुण पुरुषांना भारतीय भाषा शिकवाव्यात अशी कल्पना निघाली, तेव्हा बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवणे बरे दिसत नाही! रमाबाईंनी चेल्टनहॅमच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांना पत्रातून आपले आश्चर्य कळवले. आपल्या आईने आणि आपण तरुणांना शिकवण्याला ना वडिलांनी हरकत घेतली ना पतीने, आणि ती आता इथले इंग्रज घेतात, असा त्याचा आशय होता.

जरा थांबून विचार करा. अनंतशास्त्री डोंगरे हे जुन्या वळणाचे शास्त्री. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला. त्यांची मुलगी सुधारलेल्या इंग्लंडात जाते आणि तिथे तिला सांगण्यात येते की पुरुषांच्या वर्गात तुला जागा नाही. रमाबाई ख्रिस्ती झाल्या, पण प्रश्न विचारणे त्यांनी सोडले नाही. सिस्टर जेरल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार याला साक्षी आहे. नंतर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणले, आणि ते छापण्याचे काम तिथल्या बायकांनीच केले. बिशपांनी वर्ग दिला नाही, तर बाईंनी छापखाना उभा केला.

सेयर्स यांची खुर्ची

डोरोथी सेयर्स यांचे नाव रहस्यकथा वाचणाऱ्यांना ठाऊक असेल. लॉर्ड पीटर विम्झी हा त्यांचा गुप्तहेर. सॉमरव्हिल कॉलेजात १९१५ मध्ये त्यांनी पहिल्या वर्गात शिक्षण पुरे केले आणि पदवी हातात पडली १९२० मध्ये. त्या अद्भुतकथाकार नव्हत्या, पण ख्रिस्ती श्रद्धा आणि कल्पनाशक्ती यांचे नाते काय, हा त्यांचा आयुष्याचा विषय. येशूच्या जीवनावरची त्यांची नभोनाट्यमाला बीबीसीने १९४१-४२ मध्ये सादर केली. लुईस ती दरवर्षी पवित्र सप्ताहात पुन्हा वाचत. चार्ल्स विल्यम्स यांचे दान्तेवरचे पुस्तक वाचून सेयर्स यांनी पन्नाशीत दान्ते हाती घेतला, इटालियन शिकल्या आणि त्याचे भाषांतर सुरू केले. पहिला खंड १९४९ मध्ये आला. १९५७ मध्ये त्या वारल्या, तिसरा खंड अपुरा राहिला. तो बार्बरा रेनल्ड्स यांनी पुरा करून १९६२ मध्ये प्रसिद्ध केला.

विल्यम्स १९४५ मध्ये अचानक गेले. त्यांच्या स्मरणार्थ मित्रांनी १९४७ मध्ये एक निबंधसंग्रह काढला. त्यात टोल्कीन यांचा परीकथांवरचा प्रसिद्ध निबंध आहे आणि सेयर्स यांचा दान्तेवरचा. त्या संग्रहात स्त्री एकच. लुईस यांनी नंतर स्पष्ट लिहिले की सेयर्स या आपल्या आणि विल्यम्स यांच्या मैत्रीण होत्या, पण मंडळात त्या कधीच आल्या नाहीत. म्हणजे खोलीने काढलेल्या पुस्तकात त्यांना जागा होती. खोलीत नव्हती.

या मैत्रीतला एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. १९४८ मध्ये स्त्रियांना धर्मोपदेशकाची दीक्षा द्यावी की नाही यावर चर्चा चालू होती. लुईस यांचा विरोध होता. सेयर्स यांनी या विरोधाच्या बाजूने लिहावे अशी विनंती त्यांनी केली. सेयर्स तशा परंपरेला मानणाऱ्या. बदलाची त्यांना हौस नव्हती. तरी त्यांनी नकार दिला. याविरुद्ध धर्मशास्त्रातला खरा आधार आपल्याला सापडत नाही, तेव्हा आपण तुमच्या बाजूने उभ्या राहून तुमची अडचणच करू, अशा अर्थाचे त्यांनी कळवले. लुईस यांनी मग तो लेख स्वतःच लिहिला. दोघांची मैत्री टिकली. सेयर्स यांच्या स्मृतिसभेसाठी गौरवलेख लुईस यांनीच लिहिला.

मित्राला ‘तुमचे बरोबर नाही’ असे पत्राने कळवणारी ही बाई दर गुरुवारी समोरच्या खुर्चीत बसलेली असती तर काय झाले असते, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

पानांवर काय उतरले

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये अंगठी घेऊन निघालेले नऊ जण सगळे पुरुष. ‘द हॉबिट’मध्ये तर बाई जवळजवळ नाहीच. पण एओविनकडे बघा. राजघराण्यातली ही मुलगी घोड्यावर बसते, तलवार चालवते, आणि तिला सांगितले जाते की तू मागे राहा, घर सांभाळ. तिला मरणाची भीती नाही. पिंजऱ्यात म्हातारे होण्याची आहे. ती पुरुषाचा वेश घेऊन रणात उतरते आणि ज्याला कोणताही पुरुष मारू शकणार नाही असे भाकीत होते, त्या शत्रूला मेरी या हॉबिटच्या मदतीने मारते. शेवटी ती तलवार ठेवून रोग बरे करणारी व्हायचे ठरवते. काही वाचक म्हणतात, झाले, परत घरात बसवली. काही म्हणतात, त्या कथेत जखमा भरून काढणे हेच राजाचेही सर्वांत मोठे काम आहे, तेव्हा हा मान आहे. मी वर्गात दोन्ही बाजू सांगतो. मला स्वतःला तिच्या शेवटापेक्षा तिची तक्रार जास्त खरी वाटते. ती लिहिणाऱ्याने कुणाचा तरी कोंडमारा जवळून पाहिला असणार.

लुईस यांच्या १९४५ च्या ‘दॅट हिडियस स्ट्रेंग्थ’ या कादंबरीत जेन नावाची तरुणी आहे. तिला कवी जॉन डन याच्यावर प्रबंध लिहायचा आहे. निवेदक पहिल्यापासूनच सुचवतो की तिची बुद्धी काही फार स्वतंत्र नाही. कादंबरी संपते ती जेन नवऱ्याकडे परतते तिथे; प्रबंध मागेच पडतो. मी प्रबंध लिहिणाऱ्या मुलींना शिकवतो, म्हणून हे पुस्तक त्यांच्या हातात देताना जीभ अडखळते.

नार्नियाच्या गोष्टींत मात्र कपाटातून पहिली आत जाते ती ल्युसी. अस्लान सिंह पहिल्यांदा दिसतो तिलाच, आणि ‘मी पाहिले’ हे ती एकटीने धरून ठेवते. पण शेवटच्या ‘द लास्ट बॅटल’मध्ये तिची बहीण सुझन नाही. तिला आता नटण्यामुरडण्यात आणि पार्ट्यांत रस, नार्निया तिला पोरखेळ वाटतो, असे इतरजण सांगतात. सुझन स्वतः बोलत नाही. तिच्याबद्दल बोलले जाते. नील गेमन यांनी २००४ मध्ये याच खटकण्यावर एक कथा लिहिली. लुईस यांनी वाचकांना पत्रातून सांगितले होते की सुझनला अजून वेळ आहे, तिची गोष्ट संपलेली नाही. तरी पुस्तकात ती मुकीच राहते.

वाद घालणाऱ्या बायका

मग लुईस यांचे काय म्हणायचे? स्त्रीद्वेष्टे होते, असा शिक्का मारून पुढे जायचे? मला ते पटत नाही. कारण लुईस यांच्याकडे दुसरीही एक जागा होती. ऑक्सफर्डमध्ये ‘सॉक्रेटिक क्लब’ नावाचा वादमंच होता. सॉमरव्हिलच्या एका विद्यार्थिनीने तक्रार केली की श्रद्धेबद्दलच्या शंका मोकळेपणाने कुठे विचारता येत नाहीत, आणि स्टेला ऑल्डविंकल या बाईंनी तो मंच उभारला. लुईस त्याचे अध्यक्ष. तिथे मुलेमुली दोन्ही येत.

२ फेब्रुवारी १९४८ रोजी तिथे एलिझाबेथ अ‍ॅन्सकम उभ्या राहिल्या. वय २८, तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक, श्रद्धेने कॅथलिक. लुईस यांच्या ‘मिरॅकल्स’ या पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणातला युक्तिवाद त्यांनी तपासला आणि त्यातले दोष दाखवले. देवाविरुद्ध त्यांचे काही म्हणणे नव्हते. युक्तिवाद कच्चा आहे, एवढेच. लुईस यांना ते लागले. पण १९६० च्या आवृत्तीत त्यांनी ते प्रकरण नव्याने लिहिले. या फेरलेखनात लुईस यांचा प्रामाणिकपणा दिसतो, असे अ‍ॅन्सकम यांनी पुढे नोंदवून ठेवले.

रूथ पिटर या कवयित्रीकडे लुईस आपल्या कविता तपासायला पाठवत. राणीच्या हातचे कवितेचे सुवर्णपदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री, साल १९५५. आणि मग जॉय डेव्हिडमन. न्यूयॉर्कच्या ज्यू घरातल्या, एके काळच्या कम्युनिस्ट, नंतर ख्रिस्ती झालेल्या कवयित्री. १९३८ मध्ये त्यांचा कवितासंग्रह येल विद्यापीठाच्या मालिकेत निवडला गेला होता. १९५२ मध्ये त्या लुईस यांना भेटल्या. १९५६ मध्ये दोघांनी नोंदणी विवाह केला. टोल्कीन यांना ते सांगितलेसुद्धा नव्हते.

१९५५ च्या वसंतात जॉय लुईस यांच्या घरी आलेल्या असताना एका जुन्या कल्पनेवर दोघे बोलत बसले. क्युपिड आणि सायकी यांची कथा लुईस यांच्या डोक्यात विद्यार्थिदशेपासून होती, जमत नव्हती. त्या बोलण्यानंतर लगेच लेखन सुरू झाले. पुढे जॉय प्रकरणे वाचत, सुधारत. १९५६ मध्ये ‘टिल वुई हॅव फेसेस’ ही कादंबरी आली, जॉय यांनाच अर्पण केलेली. तिची निवेदक ओरुअल. कुरूप राजकन्या, तोंडावर सदैव बुरखा, ग्रीक शिकलेली, तलवार शिकलेली, नंतर राज्य चालवणारी. ती देवांविरुद्ध तक्रार लिहायला बसते, आणि सबंध पुस्तक म्हणजे तिची ती तक्रार. ‘मी’ म्हणून बोलते ती. लुईस यांना ही आपली सर्वांत चांगली कादंबरी वाटे. जॉय यांच्यामुळेच ती झाली असे मी म्हणणार नाही. पण जेनकडे वरून पाहणारा लेखक ओरुअलच्या आत जाऊन बसला, आणि मधल्या अकरा वर्षांत त्याच्याशी बरोबरीने भांडणाऱ्या बायका त्याच्या आयुष्यात होत्या, हे दोन्ही खरे आहे. मुकी सुझनही १९५६ चीच, हेही विसरू नका. माणूस सगळ्या बाजूंनी एकदम बदलत नाही.

आपला गुरुवार

इंकलिंग्जकडून मी वार घेतला, वेळ घेतली आणि नकळत दारही घेतले. सव्वापाचच्या बसने जाणाऱ्या मुलींना ‘येऊ नका’ असे मी कधीच म्हटले नाही. पण साडेपाचची बैठक तेच म्हणत होती.

फेब्रुवारीपासून आपली बैठक गुरुवारीच, पण मधल्या सुट्टीत, पाऊण वाजता असते. याची किंमत आहे. वेळ जेमतेम चाळीस मिनिटे मिळतो. विज्ञान शाखेच्या काही मुलांचे त्या वेळी प्रॅक्टिकल असते, ती आता येऊ शकत नाहीत, आणि त्यांची नाराजी रास्त आहे. यावर उपाय सापडलेला नाही.

पहिल्याच बैठकीत त्या विद्यार्थिनीने तीच सप्टेंबरातली कथा स्वतः वाचली. विहिरीशी बोलणाऱ्या आजीची कथा. शेवटी विहीर उत्तर देते आणि आजी गप्प राहते. सप्टेंबरात आम्ही सगळ्यांनी एकमताने सांगितले होते की शेवट कळत नाही, आजीला बोलते करा. मुलाने वाचले होते छान, सरळ, पुस्तकी. तिने वाचले तिच्या गावच्या बोलीत, आणि शेवटच्या ओळीआधी ती क्षणभर थांबली. तेव्हा लक्षात आले की ते गप्प बसणे म्हणजे रुसणे आहे. इतकी वर्षे का बोलली नाहीस, म्हणून आजी विहिरीवर रुसली आहे.

“शेवट बदलला का?” मी विचारले.

“नाही सर,” ती म्हणाली. “तोच हाय.”

चर्चेसाठी प्रश्न

१. एओविनच्या कथेचा शेवट तुम्हाला मान वाटतो की माघार? कथेतलाच आधार देऊन लिहा.

२. जेन आणि ओरुअल या दोघींत निवेदन कोणाच्या हातात आहे? त्याने वाचकाचे मत कसे बदलते?

३. सेयर्स यांनी लुईस यांना दिलेला नकार आणि रमाबाईंनी बील यांना लिहिलेले पत्र यांत साम्य काय, फरक काय?

४. तुमच्या गावातल्या एखाद्या मंडळाची, भजनी मंडळ असो की ग्रंथालय समिती, जागा, वार आणि वेळ लिहून काढा. त्या वेळी तिथे कोण येऊच शकत नाही, याची यादी करा. हा प्रश्न मी स्वतः अकरा वर्षे उशिरा सोडवला, तुम्ही या गुरुवारी सोडवून आणा.